आमच्या भट्टीतली सोन्याची खाण

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, बीड जिल्ह्यात सोन्याची खाण निघाल्याची आजवर एकच घटना घडली आहे. ती खाण चौसाळ्यात, हमरस्त्याला लागून, आमच्या बेकरीत निघाली. चार दिवस चालली आणि पाचव्या दिवशी बंद पडली. खाणीचा मालक, मजूर आणि मुख्य गुन्हेगार या तिन्ही पदांवर प्रस्तुत लेखक एकटाच काम पाहत होता.

आमचे आजोबा निजामाच्या अमलात हैदराबादेत पाव भाजायला शिकले आणि डोक्यात भट्टीचा नकाशा व तोंडात उर्दू शिव्या घेऊन गावी परतले. ती लाकडाची भट्टी अजून चालू आहे. शिव्या वारशाने अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे आल्या. अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि दिवसभर भट्टीशेजारी स्टुलावर बसून दोन्ही वारशांची देखभाल करतात. माझ्या वाट्याला काय आलं म्हणाल, तर हात. हे मी नाही, मीच सगळ्यांना सांगत असतो. तीस वर्षं पीठ मळून माझ्या हाताला असं काही कळायला लागलंय की काटा नको, माप नको. गोळा तळहातावर घेतला की मैदा किती, तूप किती आणि ते तूप कोणत्या म्हशीचं, एवढं मी सांगू शकतो. (म्हशीबद्दल आजवर कुणी उलटतपासणी केलेली नाही.)

शिवाय भिंतीवर माझ्या अक्षरातली एक पाटी आहे. ‘मळताना हातातली अंगठी, घड्याळ, गंडा-दोरा काढून ठेवावा. हयगय केल्यास गय केली जाणार नाही.’ आमचे जुने कारागीर सलीमभाई यांच्या सदऱ्याचं बटण एकदा पावातून एका हेडमास्तरांच्या दाताखाली गेलं होतं. त्या दिवशी ही पाटी मी लाल रंगात रंगवली आणि सलीमभाईंना तीनदा मोठ्यानं वाचायला लावली. त्यांनी ती वाचली. माणूस सहनशील.

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस आमच्याकडे बायकांची रांग लागते. आमच्या भागात नानकटाई विकत आणत नाहीत, भाजून आणतात. मैदा, पिठीसाखर, तूप बाईनं घरून आणायचं, आम्ही मळून, वळून, भाजून द्यायचं आणि भाजणावळ घ्यायची. ज्या बाईचा माल, तिचा वेगळा घाणा. घाणा भट्टीतून निघेपर्यंत ती बाई जागची हलत नाही. आमच्यावर तिचा पूर्ण विश्वास असतो, म्हणून ती आमच्या हातांकडे एकटक बघत बसते. तिच्या तुपातला एक चमचा इकडचा तिकडे झाला तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही.

यात आमच्या घरचा एक रिवाज आहे. हंगामातल्या पहिल्या घाण्यातली पहिली नानकटाई भट्टीची. ती भट्टीच्या तोंडाजवळच्या कोनाड्यात ठेवायची आणि पाडव्याला भट्टीची पूजा झाली की गाईला घालायची. तोवर तिला कुणी हात लावायचा नाही. लहानपणी मी ती एकदा चाटली होती. (खाल्ली नव्हती. नुसती चाटली होती.) तेव्हा अण्णांनी मला हैदराबादी शिव्यांची पहिली संपूर्ण उजळणी ऐकवली. ती माझ्या पुढच्या शिक्षणाला फार उपयोगी पडली.

तर गेल्या दिवाळीची गोष्ट. पहिल्या घाण्याचा दिवस होता बुधवार, आणि येत्या रविवारी आमच्या पूनमचा साखरपुडा होता. मुलगा चकलांब्याचा, नोकरीला संभाजीनगरात. मुलाच्या बोटात घालायची अंगठी त्या सकाळीच बीडच्या सराफाकडून आली. ही अंगठी साधी नव्हती. माझी बायको शोभा, तिच्या आईच्या गळ्यातल्या दोन पुतळ्या मोडून ती घडवली होती. आईंनी जाताना त्या फडक्यात बांधून शोभाच्या हातात दिल्या होत्या. म्हणाल्या होत्या, “पूनमच्या नवऱ्याच्या बोटात माझं कायतरी असू दे.” ते फडकं शोभानं सात वर्षं कपाटात जपलं होतं.

तिनं अंगठी माझ्या हातात दिली. “अहो, एवढी कपाटात ठेवा. मी चुलीवर दूध ठेवून आलेय.”

कपाट घरात. घर बेकरीच्या मागे. मधे बारा पावलांचं अंगण. त्या बारा पावलांत अंगठी पडू नये म्हणून मी ती सुरक्षित जागी ठेवली, म्हणजे स्वतःच्या बोटात घातली. जावयाचं बोट माझ्याहून जाड, त्यामुळे ती जरा सैल होत होती. तरी शोभून दिसत होती. मी हात लांब धरून बघितला. जवळ धरून बघितला. तेवढ्यात पुढून आवाज आला, “दादा, हायसा का? पयला नंबर माझा हाय बरं का, आधीच सांगून ठेवते.”

राहीबाई. आमच्या गल्लीच्या तोंडाला राहतात. पहिला नंबर त्या गेली कित्येक वर्षं कुणाला देत नाहीत. मी तसाच पुढे गेलो, बाह्या सरसावल्या आणि त्यांचं तूप-साखर परातीत फेसायला घेतलं. तूप-साखर तळहातानं फेसायची असते, पांढरी होईपर्यंत, चांगला अर्धा तास. पाटी माझ्या डोळ्यांसमोर होती. पण स्वतःच लिहिलेलं पुन्हा कोण वाचतो?

घाणा उत्तम निघाला. मी पहिल्या ट्रेमधली पहिली नानकटाई उचलली, हातावर तोलली आणि मला राहवलं नाही.

“राहीबाई, याला म्हणतात माल! जड लागतेय बघा हाताला. सढळ तूप, आणि तेही घरचं, साजूक. मला वजनावरून कळतं.”

राहीबाई नुसत्या हसल्या. आता, राहीबाई एखाद्या वाक्यावर काही न बोलता नुसत्या हसल्या, हेच मला त्या क्षणी खटकायला हवं होतं. पण मी कौतुकात होतो. (माझ्याच.) ती नानकटाई मी अण्णांच्या देखरेखीखाली कोनाड्यात ठेवली, हात जोडले आणि दुसऱ्या घाण्याला लागलो. दुसरा घाणा तलाठ्यांच्या बायकोचा, तिसरा द्वारकाबाईचा.

तिसऱ्या घाण्यानंतर हात पुसताना सलीमभाई म्हणाले, “सेठ, तुम्हारा बोट सुबे चमकरा था.”

“मग?”

“अब नै चमकरा.”

मी बोटाकडे पाहिलं. मग दुसऱ्या हाताच्या बोटाकडे पाहिलं. आशा वाईट असते. मग परात, टेबल, टेबलाखालची जागा, मैद्याचं पोतं, माझी चप्पल. सलीमभाईंनी मान वर करून भिंतीवरची पाटी पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला बटणाची आठवण स्पष्ट दिसली.

अण्णा स्टुलावरून म्हणाले, “काय हुडकतो बे?”

“काही नाही.”

“काही नाही तर परातीत तोंड कावून घातलंस?”

सांगावं लागलं. अण्णांनी डोळे मिटले, एक छोटी उर्दू शिवी दिली (सौम्य, दिवाळी जवळ होती) आणि म्हणाले, “भट्टी कुणाचं काही ठेवून घेत न्हाई. देईल ती.” मग त्यांनी तंबाखू मळायला घेतली. हा दिलासा आहे की निकाल, हे मला कळलं नाही.

तीन घाणे, तीन बायका, तिघीही डबे घेऊन घरी गेलेल्या. शोभाला कळायच्या आत अंगठी परत मिळवायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी एक चोख योजना आखली आणि राहीबाईंच्या दारात उभा राहिलो.

“राहीबाई, तुमच्या घाण्यात सोडा जरा जास्त पडलाय. डबा परत द्या. माझ्या पदरचा माल घालून नवीन भाजून देतो.”

राहीबाईंनी मला खालून वर पाहिलं. “तुमी? पदरचा माल?”

“हो.”

“दादा, तुमच्या आज्यापासून आमी तुमच्या भट्टीवर येतोय. आजवर तुमी एक जळका टोस्ट परत घेतला न्हाई. आन आज पदरचा माल?” त्यांनी डबा काखेत घट्ट धरला. “खरं सांगा. काय पडलंय ह्याच्यात?”

“काही नाही हो, सोडा.”

“पाल पडली व्हय?”

“छे, छे.”

“पाल पडली!” राहीबाई ओट्यावर आल्या आणि समोरच्या घराकडे तोंड करून त्यांनी श्वास भरून घेतला. माझ्या डोळ्यांसमोर तीन पिढ्यांची बेकरी उभी राहिली. दिवाळीचा हंगाम, बायकांची रांग, आणि प्रत्येकीच्या तोंडी पाल. पालीनंतर बेकरी उठत नसते. त्या एका सेकंदात मी मोठा व्यापारी निर्णय घेतला आणि ओरडलो,

“पाल नाही, सोनं पडलंय सोनं!”

हे वाक्य मी राहीबाईंना उद्देशून म्हटलं होतं. ऐकलं मात्र गल्लीनं.

पूनमनं कधीतरी शाळेच्या पुस्तकाबाहेरचं वाचून मला सांगितलं होतं की, गोऱ्या लोकांच्या वसाहतींमध्ये कुठे नदीत सोन्याचा कण सापडला की गावंच्या गावं घमेली घेऊन धावत सुटायची. सोनं कुणाच्याच हाताला लागायचं नाही, आणि त्या सगळ्यांना पाव विकणारा बेकरीवाला तेवढा सुखात असायचा. मला ती गोष्ट फार आवडली होती. तेव्हा मला वाटलं होतं, देवा, असं एकदा चौसाळ्यात होऊ दे. देवानं ऐकलं. फक्त सोनं माझंच घेतलं.

राहीबाईंनी माझ्यासमोरच पहिली नानकटाई फोडली. मग दुसरी. मग शेजारच्या दोघी मदतीला आल्या. अर्ध्या तासात आख्खा डबा भुगा झाला. सोनं निघालं नाही. राहीबाईंचा घाणा सर्वांसमक्ष निर्दोष सुटला आणि गाव उरलेल्या दोन घाण्यांकडे वळलं. तलाठ्यांच्या बायकोनं वेळ नको म्हणून आपल्या सगळ्या नानकटाया मिक्सरमध्येच घातल्या. निघाली फक्त पिठी, आणि मिक्सरचं पातं मोडलं.

इथवर ठीक होतं. पण चार वाजता लोक दुकानात टोस्ट मागायला लागले.

“अहो, टोस्टमध्ये कशी जाईल अंगठी? टोस्ट कालचे आहेत.”

“असू द्या. बघायला काय जातंय?”

टोस्ट संपले. खारी संपली. खारी हातात घेऊन लोक उन्हाकडे धरून बघत होते, जणू खारीतून आरपार दिसतं. वायरिंगचं काम करणारा एकजण मोडक्या स्पीकरचं मोठं लोहचुंबक घेऊन आला. मी म्हटलं, “बाबा, सोन्याला चुंबक लागत नाही.” तो म्हणाला, “लहान चुंबक न्हाई लागत. ह्ये मोठं हाय.” ते त्यानं भट्टीजवळ नेलं आणि ते भट्टीच्या लोखंडी दाराला असं चिकटलं की सोडवायला तीन माणसं लागली. तेवढा वेळ आतले पाव जळत होते. सलीमभाई खिन्नपणे म्हणाले, “सेठ, इसके लिए भी एक पाटी लिखो.”

आणि मग गर्दी बाजूला झाली. शोभा आत आली. तिच्या हातात माझा चहा होता. तिनं तो माझ्यासमोर ठेवला, अगदी शांतपणे. पंचवीस वर्षांच्या संसारात मी या शांततेला जेवढा घाबरतो तेवढा कशालाच घाबरत नाही.

“अंगठी कुठाय?”

“भट्टीत.”

“भट्टीत?”

“म्हणजे… नानकटाईत.”

“कुणाच्या?”

“तेच शोधणं चाललंय.”

तिनं भिंतीकडे बोट केलं. “वाचा.”

“अगं, लोक आहेत…”

“लोकांसाठीच लिहिलंय ना? वाचा.”

मी वाचलं. गय केली जाणार नाही, इथपर्यंत वाचलं. मागून सलीमभाई हळूच म्हणाले, “तीन बार, भाभी.” मी तीनदा वाचलं.

मग लोक पांगल्यावर ती स्टुलापाशी, अण्णांच्या पायाशी बसली, आणि तेव्हा मला चेष्टा सुचेना. “नवीन करता येईल हो,” ती म्हणाली. “सोनं मिळतं. पण माझ्या आईला मी काय सांगू?” आई जाऊन सात वर्षं झाली होती. मी म्हटलं, “सापडेल. एक घाणा राहिलाय अजून.”

राहिलेला घाणा द्वारकाबाईचा होता. आणि द्वारकाबाईची ऊसतोडीची टोळी दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती. खरं तर निघाली होती! मी सकाळी सातला त्यांच्या वस्तीवर गेलो तर तिथे फक्त चुलीची राख आणि एक नाराज कोंबडा. दिवाळीच्या आधीच कारखान्याचं बोलावणं आलेलं. मोटारसायकल काढली. अण्णा म्हणाले, “मी येतो.” मी म्हटलं, “तुम्ही कशाला?” अण्णा म्हणाले, “तू हरवलास तर?”

पारगावच्या पुढे ट्रॅक्टर दिसला. मागे दोन ट्रॉल्या, त्यांत भांडी, बाजा, कोंबड्या, पेटी, कोयत्यांचा जुडगा, लेकरं, आणि त्या सगळ्याच्या वर लुगड्याच्या घडीवर द्वारकाबाई. मागे बसलेल्या अण्णांनी हात हलवून जो काही आरडाओरडा केला, तो ऐकून ट्रॅक्टरवाल्यानं आधी वेग वाढवला आणि मग थांबवला.

“काय वं दादा? मैदा जास्तीचा आला का माझा?”

मी सगळं सांगितलं. टोळी खाली उतरली. ट्रॉलीच्या तळातून तो पत्र्याचा डबा काढायला एक बाज, दोन पेट्या आणि चार लेकरं बाजूला करावी लागली. डब्याचं तोंड कणकेनं बंद केलेलं होतं. द्वारकाबाईनं ते उघडलं, नानकटायांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“समद्या फोडू?”

मी मान हलवली.

“दादा, ह्या पाच-सहा महिने पुरवायच्या हायेत. फडात लेकरं रोज सकाळी कोयत्याच्या आधी उठत्यात. एकेक हातावर ठिवली की मग माझ्यामागं चालत्यात. आता फोडल्या तर त्यांस्नी चुरा देऊ व्हय? चुऱ्याच्या मागं कोन चालतंय?”

मी डब्यापासून हात मागे घेतला. अण्णांनीही शिवी दिली नाही.

“असं करते,” ती म्हणाली. “रोज सकाळी लेकरं खातील तवा मी समोर उभी ऱ्हाते. हळूहळू खायला लावते. निघाली तर त्याच मिनिटाला फोन. आमी उसाला चाललोय दादा, तुमच्या सोन्याला न्हाई.” आणि तिनं डब्यातून पाच नानकटाया काढून माझ्या हातावर ठेवल्या. “ह्या पोरीला द्या. साखरपुड्याचा खाऊ. आन घरी जाऊन ह्या मातुर फोडून बघा हं.”

आम्ही रस्त्याच्या कडेलाच फोडल्या. त्यात अंगठी नव्हती. अण्णांनी तुकडे खाल्ले आणि परतीच्या वाटेवर एकदाच बोलले, “तुझ्यापेक्षा शहाणी हाय.”

त्या दिवसापासून रोज सकाळी साडेसहाला फोन यायचा. “दादा, आज सात खाल्ल्या. न्हाई निघालं.” मागून सगळ्या लेकरांचा एकसुरात आवाज: “न्हाई निघालं!” मी म्हणायचो, “बरं.” फोन ठेवायचा. भाजायच्या आधी देवाच्या नावाबरोबर आता मी ही वार्ताही ऐकायला लागलो.

रविवार उजाडला. शोभानं सकाळी आपल्या बोटातली, आमच्या लग्नातली अंगठी काढली, साबणानं धुतली आणि डबीत ठेवली. मी म्हटलं, “अगं, ती तुझी…” ती म्हणाली, “पाव्हण्याच्या बोटात टोस्ट घालू का?” तिच्या बोटावर गोऱ्या कातडीची पांढरी रेघ उमटली होती, तिच्याकडे मला बघवेना. शिवाय ती अंगठी जावयाच्या करंगळीलाच कशीबशी जाणार होती. पूनम म्हणाली, “आई, मी त्यांना सांगते, करंगळीची फॅशन आहे.” पोरगी माझीच आहे.

अकराला पाहुणे आले. आमचे व्याही भगवानराव अंगानं भरलेले, बोलायला गोड. पण त्यांच्या आयुष्यात गोड म्हणून तेवढंच उरलं होतं. त्यांना साखरेचा आजार, आणि विहीणबाई त्यांच्यावर असं लक्ष ठेवून होत्या की पेढ्यांचं ताट त्यांच्यासमोरून जाताना त्यांचा हात भगवानरावांच्या गुडघ्यावर यायचा. भगवानराव ताटाकडे ज्या नजरेनं बघायचे, ती नजर मी फक्त फाटकापाशी उभ्या राहिलेल्या वासराच्या डोळ्यांत पाहिली आहे.

थोड्या वेळानं ते म्हणाले, “पाव्हणं, तुमची ती जुनी भट्टी बघायची हाय मला. निजामाच्या काळातली म्हणत्यात.” विहीणबाईंनी संशयानं विचारलं, “तिथं काय हाय?” मी म्हटलं, “काही नाही हो, आज बेकरी बंद आहे. सगळा माल परवाच संपला.” हे खरं होतं. जिल्ह्यातली एकमेव रिकामी बेकरी. त्यांनी परवानगी दिली. अण्णा मांडवात असल्यामुळे स्टूल रिकामं होतं, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

मुहूर्त आला. भटजी म्हणाले, “मुलाचे वडील?” मी त्यांना बोलवायला गेलो. बेकरीत भगवानराव भिंतीकडे तोंड करून उभे होते. शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

“पाव्हणं?”

ते वळले. त्यांचा एक गाल फुगला होता, डोळ्यांत पाणी होतं आणि एक हात जबड्यावर होता. त्यांना बोलता येत नव्हतं. साखरेचा आजार, साखरपुड्याचा दिवस, व्याह्यांचं तोंड वाकडं! मी ओरडलो, “धावा! पाव्हण्यांना झटका आला!”

आख्खा मांडव बेकरीत शिरला. विहीणबाई पुढे झाल्या, त्यांनी एकदाच नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांच्या पाठीत असा धपाटा घातला की भगवानरावांच्या तोंडातून आधी तुकडे उडाले, मग काहीतरी खण्णकन फरशीवर पडलं, गडगडत टेबलाखालून गेलं आणि अण्णांच्या पायाशी जाऊन थांबलं.

सलीमभाई वाकले. “सेठ,” ते म्हणाले, “चमकरा है.”

शोभानं ती अंगठी त्यांच्या हातातून घेतली, पदरानं पुसली आणि तिथंच, पिठाच्या पोत्यावर बसून रडली. पूनम तिच्यापाशी बसली. मी भटजींना म्हटलं, “मुहूर्त थोडा लांबवा.” भटजी म्हणाले, “मुहूर्त थांबलाय, तुम्ही पाणी द्या त्यांना.” अण्णा कोनाड्याकडे बघत उभे होते. कोनाड्यात फक्त चुरा उरला होता. मी उजळणीच्या तयारीनं मान खाली घातली. पण अण्णा म्हणाले, “म्हणलं न्हवतं? भट्टी देईल.” आणि मग भगवानरावांना, अगदी प्रेमानं, “पाव्हणं, ती गाईची व्हती.”

आता उलगडा झाला. राहीबाईंचा आख्खा घाणा फुटला होता, एक नानकटाई सोडून. ती कुणी मोजलीच नव्हती, कारण आमच्या घरात ती नानकटाई नसतेच, ती भट्टीचा मान असते. चार दिवस गाव सोनं शोधत होतं, आणि सोनं माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर कोनाड्यात बसलं होतं. रोज सकाळी भट्टी पेटवताना मी त्याला हात जोडत होतो आणि म्हणत होतो, देवा, अंगठी सापडू दे.

विहीणबाईंना मात्र उलगड्यात रस नव्हता. “अंगठी ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “तुमी नानकटाई खाल्ली?”

“खाल्ली कुठं,” भगवानराव जबडा चोळत म्हणाले. “निम्मी अंगठीच व्हती.”

आईंच्या पुतळ्यांची अंगठी जावयाच्या बोटात नीट बसली. शोभाची अंगठी शोभाच्या बोटात परत गेली. मीच घातली, सगळ्यांसमोर, त्यामुळे एका मुहूर्तावर दोन साखरपुडे झाले. द्वारकाबाईला मी तिथूनच फोन लावला. ती फडात होती. “निघालं,” मी म्हटलं. पलीकडे कोयते थांबले, आणि लेकरं ओरडली, “निघालं!” द्वारकाबाई म्हणाली, “आता खाऊ देते त्यांस्नी बिनघोर. तीन दिस झालं, मुंगीवाणी कुरतडत व्हती बिचारी.”

सगळं असं गोड झाल्यावर मला भाषण करायची खुमखुमी आली. मी माझा अपराधी उजवा पंजा वर केला आणि मांडवाला सांगितलं, “मंडळी, चूक झाली, पण एक ऐका. या हाताला त्या दिवशीच कळलं होतं. कोनाड्यात ठेवताना मी म्हटलंही होतं की ही जड लागतेय. फक्त मला वाटलं, राहीबाईंचं साजूक तूप आहे, सढळ आहे, म्हणून जड. तीस वर्षांचा हात आहे, राहीबाई साक्षीला आहेत, विचारा त्यांना.”

सगळ्या माना राहीबाईंकडे वळल्या. त्या मागच्या रांगेत पेढा खात बसल्या होत्या. त्यांना आपल्याला साक्ष द्यायची आहे एवढंच ऐकू गेलं असावं, कारण विचार करायच्या आत त्यांच्या तोंडून निघून गेलं,

“अवो दादा, मी तवाच मनात म्हणलं, ह्येंला साजूक कुठनं लागलं? यंदा तर मी समदं वनस्पती तूपच आणलं व्हतं!”